कार्यालयीन व्यायाम

कार्यालयीन व्यायाम म्हणजे बैठे काम करणाऱ्या व्यक्तीने कामाच्या वेळेत, कामाच्या जागी किंवा तिच्या आसपास केलेल्या छोट्या व सोप्या शारीरिक हालचाली. दीर्घकाळ एकाच स्थितीत बसल्यामुळे मान, खांदे, पाठ, मनगटे, पाय व डोळे यांना होणारा त्रास आणि त्यातून येणारा थकवा कमी करणे, हा त्यांचा उद्देश असतो. स्नायूंना ताण देणे, हलक्या प्रतिकाराने बळकटी आणणे, थोडे चालणे, खुर्चीवर बसून करावयाची आसने, डोळ्यांची विश्रांती आणि श्वसनाचे प्रकार यांचा त्यात समावेश होतो. या विषयावरील संशोधनाचा एकंदर कल पाहता, अमुक एक व्यायामप्रकार निवडण्यापेक्षा काम थांबवून नियमितपणे जागेवरून उठणे अधिक महत्त्वाचे ठरते. त्यामुळे हा विषय आरोग्याइतकाच कामाच्या रचनेचा आणि विश्रांतीच्या हक्काचाही आहे.

व्याप्ती व संज्ञा

बसून, रेलून किंवा पडून, जागेपणी घालवलेल्या ज्या वेळात शरीर पूर्ण विश्रांतीच्या वेळच्या साधारण दीडपटीपेक्षा अधिक ऊर्जा खर्च करीत नाही, त्या वेळेस आरोग्यशास्त्रात 'बैठा काळ' म्हणतात. बैठेपणा आणि व्यायामाचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी तासभर टेकडीवर फिरून येणारा मनुष्य त्यानंतर नऊ तास खुर्चीवर बसला, तर तो व्यायाम करणारा असूनही बैठा ठरतो. याउलट दिवसभर दुकानात उभा असणारा विक्रेता बैठा नसतो. पण त्याच्या शरीराला पुरेसा व्यायाम मिळतोच असे नाही.

व्यायामशाळेतील व्यायामाहून कार्यालयीन व्यायाम दोन बाबतींत भिन्न आहे. तो अल्पकाळाचा, सामान्यतः एक ते दहा मिनिटांचा असतो आणि दिवसातून अनेकदा करावयाचा असतो. तसेच त्यासाठी पोशाख बदलण्याची, घाम गाळण्याची किंवा विशेष साधनांची आवश्यकता नसते. मात्र आठवड्याच्या एकूण व्यायामाची जागा तो घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे अधिक श्रमाची हालचाल करावी, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत आणि बैठा काळ शक्य तितका कमी करावा.

इतिहास

जागतिक

बैठ्या कामाचे दुष्परिणाम संगणकाच्या कितीतरी आधीपासून ज्ञात आहेत. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कामगारांच्या रोगांविषयीचा आपला ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध केला आणि १७१३ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. लेखनिकांच्या व्याधींची त्याने तीन कारणे सांगितली: सतत बसणे, हाताची अखंड एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. आजच्या माहिती-नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही ही तिन्ही कारणे लागू पडतात.

विसाव्या शतकात काही देशांनी सामूहिक व्यायामाला कामाच्या दिवसात स्थान दिले. जपानमध्ये १९२८ साली आकाशवाणीवरून व्यायामाचे प्रसारण सुरू झाले; दुसऱ्या महायुद्धानंतर खंड पडून १९५१ मध्ये ते नव्या स्वरूपात आले. तेथील अनेक कारखान्यांत व कचेऱ्यांत या संगीतावर व्यायाम करण्याची प्रथा पडली. चीननेही १९५१ मध्ये प्रसारित व्यायामाचा कार्यक्रम सुरू केला.

वैज्ञानिक पुराव्याच्या दृष्टीने १९५३ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. टपाल खात्यातही पत्रे वाटणारे आणि मेजावर काम करणारे यांच्यात असाच फरक दिसून आला.

महाराष्ट्र

मराठी मुलखात लेखनिकाची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागदपत्रांचा प्रचंड संग्रह पाहिला, म्हणजे कारकुनांच्या किती पिढ्या लेखणी हाती धरून बसल्या असतील याची कल्पना येते. हे लेखन बहुधा जमिनीवर बैठक घालून, पुढे उतरते लेखनमेज ठेवून होत असे. समर्थ रामदासांच्या 'दासबोध' या ग्रंथातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून ते मध्यम आकाराचे असावे, असा उपदेश त्यात आढळतो. पडद्यावरील अक्षरे मोठी करून घ्यावीत, हा आजच्या नेत्रतज्ज्ञांचा सल्ला त्याच जातीचा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात व्यायामप्रसाराची मोठी चळवळ उभी राहिली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये स्थापन झाले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले; १९७५ मध्ये त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था पुण्यात सुरू झाली. पट्टे, लाकडी ठोकळे आणि घडीच्या लोखंडी खुर्च्या यांच्या आधाराने आसने करण्याची त्यांची पद्धत जगभर पसरली. ताठर सांध्यांच्या किंवा वृद्ध साधकांसाठी खुर्चीचा आधार घेण्याची ही रीत खुर्चीवरील योगाच्या प्रसारास उपकारक ठरली.

त्रासाची कारणे

स्नायूंवरील स्थिर ताण

बसलेल्या माणसाचे स्नायू स्वस्थ असतात, हा समज बरोबर नाही. मान सावरण्यासाठी आणि हात कळफलकावर अधांतरी धरण्यासाठी मानेचे व खांद्यांचे स्नायू सतत थोडेसे आकुंचित राहतात. आकुंचन सौम्य असले तरी ते सुटत नाही. स्वीडिश संशोधक योरान हॅग यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, अशा हलक्या कामात स्नायूतील त्याच त्या लहान तंतूंना आधी कामाला लागावे लागते आणि सर्वांत शेवटी विश्रांती मिळते. परीकथेत घरकामाला जुंपलेल्या मुलीच्या नावावरून या उपपत्तीला 'सिंड्रेला' हे नाव पडले. हात दोन मिनिटे मोकळे सोडणे किंवा निराळी हालचाल करणे म्हणजे या तंतूंना सुट्टी देणे होय.

मान व पाठ

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो असते. मान पुढे झुकली की हा भार पुढे सरकतो आणि तो तोलण्यासाठी मानेच्या मागील स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितीय प्रतिमानानुसार, मान ६० अंशांनी झुकल्यास मानेच्या मणक्यांवर सुमारे २७ किलो वजनाइतका ताण येतो. हा प्रत्यक्ष शरीरात मोजलेला आकडा नव्हे; मोबाइलकडे खाली पाहण्याची सवय मानेला का महाग पडते, हे मात्र त्यातून समजते.

मणक्यांच्या मधील डिस्कला प्रौढपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. भोवतालच्या उतींमधून पाझरणाऱ्या द्रवावर तिचे पोषण होते. बसण्याने डिस्कवरील दाब किती वाढतो, याविषयी मतभेद आहेत. १९६० च्या दशकातील स्वीडिश मोजणीत उभे राहण्यापेक्षा बसताना दाब जास्त आढळला होता. १९९९ मधील जर्मन मोजणीत सैल, टेकून बसल्यास तो तितका वाढत नसल्याचे दिसले. म्हणूनच 'एकच आदर्श बैठक' शोधण्यापेक्षा बैठक वेळोवेळी बदलण्यावर आता भर दिला जातो.

पाय व रक्ताभिसरण

चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास बसल्यास हा पंप जवळजवळ बंद पडतो आणि संध्याकाळी घोट्याशी सूज दिसू लागते. खुर्चीची कड मांडीच्या मागील बाजूस रुतत असेल, तर त्रास आणखी वाढतो.

डोळे

पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात स्वस्थ असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा होणारी उघडझाप पडद्यासमोर ७ वर आली. त्यामुळे डोळ्यांवरील अश्रूंचा थर सुकतो. आग होणे, चुरचुरणे, धूसर दिसणे अशा तक्रारी उद्भवतात. वातानुकूलित खोलीतील कोरड्या हवेत हा त्रास अधिक जाणवतो.

व्यायामप्रकार

पुढील हालचाली निरोगी प्रौढ व्यक्तीने कार्यालयात सहज कराव्यात अशा आहेत. त्या सावकाश, श्वास न रोखता आणि दुखणार नाही इतपतच कराव्यात. झटका देऊ नये.

मान: ताठ बसून उजवा कान उजव्या खांद्याकडे न्यावा, खांदा मात्र वर उचलू नये. १५ ते २० सेकंद थांबून दुसऱ्या बाजूने करावे. नंतर हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरावी व सोडावी. असे पाच ते आठ वेळा करावे. मान वेगाने गोल फिरवणे टाळावे.

खांदे व छाती: दोन्ही खांदे कानांकडे उचलून सोडून द्यावेत. मग ते मागच्या दिशेने दहा वेळा गोल फिरवावेत. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून एक पाऊल पुढे टाकल्यास छातीचे आखडलेले स्नायू मोकळे होतात.

पाठ: उभे राहून तळवे कमरेवर ठेवावेत आणि हळूच मागे वाकावे, पाच वेळा. खुर्चीत बसून खुर्चीच्या पाठीला धरून धड एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवावे.

मनगटे व बोटे: हात पुढे सरळ करून दुसऱ्या हाताने बोटे हलकेच मागे आणि नंतर खाली ताणावीत, प्रत्येक वेळी १५ सेकंद. मूठ घट्ट मिटून बोटे पूर्ण फाकवावीत, दहा वेळा.

पाय: बसल्या जागी गुडघा सरळ करून पाऊल स्वतःकडे ओढावे आणि पाच सेकंद धरावे. मेजाचा आधार घेऊन टाचा वीस वेळा उचलाव्यात. हातांचा आधार न घेता खुर्चीतून आठ ते दहा वेळा उठावे व बसावे. मांड्या व नितंब यांच्या बळकटीसाठी हा प्रकार उपयुक्त असून त्याला जागा लागत नाही.

डोळे: दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे, म्हणजे सुमारे सहा मीटर अंतरावर पाहावे. खिडकीबाहेरचे झाड त्याला पुरते. पापण्या जाणीवपूर्वक पूर्ण मिटाव्यात.

श्वसन: पाठ टेकून, डोळे मिटून, नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावा. दोन मिनिटे पुरेशी होतात.

चालणे: यांत सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित प्रकार चालणे हाच आहे. पाण्याची बाटली भरायला स्वतः जाणे, शेजारच्या विभागात निरोप पाठवण्याऐवजी उठून सांगणे, दूरध्वनीवर बोलताना उभे राहणे, एक-दोन मजले जिन्याने चढणे, या सर्वांची गणना त्यात होते.

दिवसाचे नियोजन

नियोजन व्यक्तीनुसार व कामानुसार बदलते. सामान्यतः पुढील क्रम सुचवला जातो:

- दर वीस मिनिटांनी: नजर दूर नेणे आणि बैठक बदलणे, वीस सेकंद.
- दर अर्ध्या ते एका तासाने: उठून उभे राहणे, थोडे चालणे, दोन ते पाच मिनिटे.
- सकाळी व दुपारी एकेकदा: मान, खांदे, पाठ व पाय यांचे व्यायाम, पाच मिनिटे.
- जेवणानंतर: सावकाश चालणे, दहा मिनिटे.
- आठवड्यातून तीनदा: लवचिक पट्टा किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन खांद्यांच्या बळकटीचे व्यायाम.

परिणामकारकता

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका क्षेत्रीय अभ्यासात माहिती-नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना नेहमीच्या सुट्ट्यांखेरीज काही तासांत पाच-पाच मिनिटांचे जादा विराम देण्यात आले. त्यांच्या अंगदुखीच्या व डोळ्यांच्या तक्रारी घटल्या आणि कामाचा वेळ कमी होऊनही एकूण काम कमी झाले नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच मालिकेतील पुढच्या अभ्यासात निम्म्या कर्मचाऱ्यांना विरामात ताणाचे व्यायाम करण्यास सांगितले होते. जादा विरामांचा लाभ पुन्हा दिसला. परंतु व्यायामाचा वेगळा लाभ स्पष्टपणे सिद्ध झाला नाही. त्याचे एक कारण असे की, सांगितलेल्या विरामांपैकी बहुतेकांत कर्मचाऱ्यांनी व्यायाम केलाच नव्हता.

बळकटीच्या व्यायामाचा पुरावा अधिक ठोस आहे. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मान व खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाने रोज दोन मिनिटे आणि दुसऱ्याने रोज बारा मिनिटे लवचिक नळीच्या प्रतिकाराने हात बाजूला उचलण्याचा व्यायाम केला. दहा आठवड्यांनंतर तुलनेच्या गटापेक्षा दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले. केवळ दोन मिनिटांचाही उपयोग होतो, हा या चाचणीचा विशेष निष्कर्ष होता.

चयापचयाच्या बाबतीत, ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालल्यामुळे जेवणानंतरची रक्तशर्करा व इन्सुलिनची पातळी अखंड बसण्याच्या तुलनेत कमी राहिली. मधुमेहाचे मोठे प्रमाण असलेल्या भारतासारख्या देशात हा निष्कर्ष लक्षणीय आहे. मात्र प्रयोगातील व्यक्तींची संख्या १९ एवढीच होती. 'द लॅन्सेट' या नियतकालिकात २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. रोज आठ तासांहून अधिक बसण्याशी निगडित असलेला मृत्यूचा वाढीव धोका रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करणाऱ्यांमध्ये दिसून आला नाही.

याची दुसरी बाजूही आहे. कामातील विरामांविषयी २०१९ मध्ये झालेल्या कॉक्रेन समीक्षेने उपलब्ध पुरावा कमी दर्जाचा ठरवला. विरामांच्या वारंवारितेने दुखणे टळते असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. उंची कमी-अधिक करता येणारी मेजे वापरल्यास सुरुवातीच्या काळात बसण्याचा वेळ दिवसाला सुमारे शंभर मिनिटांनी घटतो, असे २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेत आढळले; दीर्घकालीन लाभाविषयी मात्र पुरावा अपुरा होता.

भारतातील स्थिती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक देशव्यापी अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील सुमारे १४ हजार व्यक्तींच्या शारीरिक हालचालींची माहिती घेण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ५४.४ टक्के व्यक्ती निष्क्रिय गटात मोडत होत्या. 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. हे प्रमाण स्त्रियांत सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांत सुमारे ४२ टक्के होते.

केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाने मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थेच्या साहाय्याने कार्यालयांसाठी पाच मिनिटांचा योगक्रम तयार केला. 'वाय-ब्रेक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्रमाची चाचणी २०२० मध्ये सुरू झाली आणि १ सप्टेंबर २०२१ रोजी त्याचे मोबाइल अ‍ॅप प्रकाशित झाले. ताडासन, ऊर्ध्वहस्तोत्तानासन, स्कंधचक्र, उत्तानमंडूकासन, कटिचक्रासन, अर्धचक्रासन, प्रसारित पादोत्तानासन, दीर्घ श्वसन, नाडीशोधन, भ्रामरी आणि ध्यान यांचा त्यात अंतर्भाव आहे. केंद्रीय कार्मिक विभागाने मंत्रालयांना त्याचा प्रसार करण्यास सांगितले. २०२४ मध्ये खुर्चीवर बसून करता येईल असे त्याचे रूपही प्रसृत करण्यात आले.

कायद्याने विश्रांतीची किमान मर्यादा ठरवली आहे, व्यायामाची नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ च्या मूळ तरतुदींनुसार प्रौढ कामगाराकडून दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम घेता येत नसे, तसेच किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिल्याखेरीज सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नसे. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्याबरोबर कामाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी झाली आणि भोजनाची सुट्टी जास्तीत जास्त अर्ध्या तासाची ठरली. शनिवार मोकळा मिळाला, परंतु रोजची बैठक लांबली. तुलनेसाठी, युरोपीय समुदायाच्या १९९० च्या निर्देशानुसार पडद्यासमोरील कामात वेळोवेळी विराम किंवा कामात बदल देणे मालकावर बंधनकारक आहे. याच प्रश्नाची उलट बाजू केरळ (२०१८) व तमिळनाडू (२०२१) या राज्यांनी हाताळली. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगारांना बसण्याचा हक्क त्यांनी कायद्याने दिला.

पुणे व मांजरी परिसर

पुणे शहराच्या पूर्वेस, मुळा-मुठा नदीकाठी असलेले मांजरी बुद्रुक हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. पुणे-दौंड लोहमार्गावर येथे स्थानक असून सोलापूर रस्ता जवळून जातो. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या संस्था या परिसरात आहेत. गेल्या काही दशकांत शेजारच्या हडपसरमधील मगरपट्टा आणि नदीपलीकडील खराडी येथे माहिती-तंत्रज्ञान उद्योगाची मोठी संकुले उभी राहिली. तेथे काम करणारा वर्ग मांजरीतील नव्या गृहसंकुलांत राहू लागला.

त्यामुळे शरीरश्रमाच्या दोन परस्परविरोधी रीती येथे शेजारी शेजारी आढळतात. द्राक्षमांडवाखाली काम करणाऱ्याला हात डोक्यावर धरून राबावे लागते आणि भाजीच्या वाफ्यात काम करणारीला कमरेत वाकून. त्यांच्या शेजारी राहणारा संगणक-अभियंता दुचाकीवर बसून कचेरीत जातो, तेथे दिवसभर बसतो आणि बसूनच परत येतो. शेतकऱ्याला वाकण्यापासून विश्रांती हवी असते, तर अभियंत्याला बसण्यापासून. 'व्यायाम करा' हा एकच उपदेश दोघांना सारखा लागू पडत नाही. दिवसभर ज्या स्थितीत काम झाले तिच्या विरुद्ध दिशेची हालचाल, हे सूत्र मात्र दोघांनाही उपयोगी आहे.

मार्च २०२० नंतर करोनाच्या साथीमुळे बरेचसे कार्यालयीन काम घरी आले. जेवणाच्या मेजावर, पलंगावर किंवा दिवाणावर मांडीत लॅपटॉप घेऊन काम करण्याने मान व कंबर यांच्या तक्रारींना नवे निमित्त मिळाले. लॅपटॉपखाली पुस्तकांची चळत ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीस आणणे, वेगळा कळफलक जोडणे आणि पाय टेकत नसल्यास खाली पाट ठेवणे हे घरगुती उपाय यासाठी पुरेसे ठरतात.

अडचणी व मर्यादा

कार्यालयीन व्यायामाची पद्धत कळणे अवघड नाही. ती टिकणे अवघड आहे. पुढे काम साचलेले असताना उठण्याचा संकोच वाटतो. वरिष्ठांच्या नजरेत रिकामी खुर्ची म्हणजे कामचुकारपणा, ही समजूत अनेक ठिकाणी रुजलेली आहे. ग्राहक-सेवा केंद्रात किंवा बँकेच्या खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याला समोरची रांग सोडून उठता येत नाही. अशा ठिकाणी आळीपाळीने विराम देण्याची व्यवस्था व्यवस्थापनानेच करावी लागते.

कामाच्या पद्धतीतील बदलांनीही हालचाल कमी केली आहे. पूर्वी कारकुनाला नस्ती शोधण्यासाठी अभिलेख कक्षात जावे लागे, ती दुसऱ्या टेबलावर पोहोचवावी लागे आणि साहेबांच्या सहीसाठी ताटकळत उभे राहावे लागे. ई-ऑफिस प्रणालीत नस्ती पडद्यावरून पुढे जाते, माणूस जागीच राहतो. कामाचा वेग वाढला, त्याबरोबर दिवसभरातील ती नकळत होणारी पायपीट संपली. तिची भरपाई आता जाणीवपूर्वक करावी लागते.

खुर्ची, मेज, पडद्याची उंची व प्रकाश यांची रचना सदोष असल्यास केवळ व्यायामाने त्रास थांबत नाही. कामाचे अवाजवी तास, अपुरे मनुष्यबळ आणि मानसिक ताण यांनाही व्यायाम हे उत्तर नाही. आस्थापनेने वर्षातून एकदा योगदिन साजरा करावा आणि उरलेले दिवस कर्मचाऱ्याला जागेवरून उठण्याची मोकळीक देऊ नये, असे झाल्यास दुखण्याची सारी जबाबदारी कर्मचाऱ्यावरच येऊन पडते. स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत घरकामाचा दुसरा पाळा असतो. त्यांच्यासाठी कामाच्या वेळेतील विराम हाच बहुधा स्वतःसाठी मिळणारा वेळ असतो.

घ्यावयाची काळजी

व्यायामाने येणारा सौम्य ताण स्वाभाविक आहे. तीव्र किंवा वाढत जाणारी वेदना नाही. हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा येणे, पकड कमजोर होणे, कमरेतून पायात उतरणारी कळ, चक्कर, ताप किंवा अकारण वजन घटणे यांसह होणारी पाठदुखी, रात्री झोपमोड करणारे दुखणे, यांपैकी काही आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पाठदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरील ताबा गेल्यास, छातीत दुखल्यास, किंवा एकाच पोटरीत अचानक सूज व वेदना आल्यास विलंब न लावता रुग्णालयात जावे. गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्ती, तसेच उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा हाडांचा ठिसूळपणा असलेल्या व्यक्ती यांनी वाकण्याचे व श्वसनाचे प्रकार तज्ज्ञांना विचारूनच करावेत.

हेही पहा

- सूर्यनमस्कार
- योगासन
- कैवल्यधाम
- बी. के. एस. अय्यंगार
- मणका
- मांजरी बुद्रुक